नदीकाठची मोटर आणि हातातली स्क्रीन: जोडलेल्या उपकरणांचा इंटरफेस कसा आखावा

सांगली जिल्ह्यातील पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांत मोटर कृष्णेच्या काठावर, ऊस किंवा हळद दोन किलोमीटर आत आणि घर गावठाणात, अशी मांडणी सर्रास आढळते. लाईट रात्री येणार असेल, तर रात्री उठून बॅटरी घेऊन काठापर्यंत जावे लागते. हे हेलपाटे वाचावेत म्हणून स्टार्टरच्या पेटीत सिम कार्ड असलेला कंट्रोलर बसवून मोबाइलवरून मोटर चालू-बंद करण्याची सोय आता गावोगाव पोहोचली आहे. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीमुळे पंप या पट्ट्याला घरचाच आहे, पण पंप आणि माणूस यांच्यामध्ये काचेची स्क्रीन आल्यापासून एक नवी जबाबदारी निर्माण झाली आहे. मोटरजवळ उभा असलेला माणूस तिचा आवाज ऐकतो, पाइपावर हात ठेवतो, पाणी आले की नाही हे डोळ्यांनी पाहतो. घरी बसलेल्या माणसाजवळ मात्र स्क्रीन सांगेल तेवढेच असते. म्हणून जोडलेल्या उपकरणाच्या इंटरफेसचा पहिला नियम असा धरावा, की स्क्रीनने स्वतःला ठाऊक आहे त्यापेक्षा जास्त कधीही सांगू नये.

हा लेख असा इंटरफेस आखणाऱ्यांसाठी आहे: कुपवाड-मिरजेतील लहान उद्योगांत कंट्रोलर बनवणारे, त्यांच्यासाठी ॲप लिहिणारे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत असा प्रकल्प हाती घेणारे विद्यार्थी. उदाहरण मुद्दाम एकच, मोटरचे, घेतले आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह, बेदाण्याच्या शीतगृहातील तापमानाची नोंद किंवा द्राक्षबागेतील हवामान केंद्र यांच्या बाबतीत तपशील बदलतील, पण पायऱ्या याच राहतील.

पहिली पायरी: बांधावर जाऊन पाहावे

संगणकावर चौकोन काढण्याआधी पाणी देण्याची एक संपूर्ण पाळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी आणि शक्यतो ती रात्रीची असावी. ‘तुम्हाला ॲपमध्ये काय हवे?’ असा प्रश्न विचारल्यास उत्तरे सौजन्याची मिळतात. त्याऐवजी माणूस काय करतो ते पाहावे आणि मधूनच ‘आता हे का केले?’ एवढेच विचारावे. दारे धरणाऱ्या, म्हणजे सऱ्यांत पाणी वळवणाऱ्या माणसाच्या एका हातात खोरे असते, पाय चिखलात असतात, फोन शर्टाच्या वरच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो आणि तो बाहेर काढण्यापूर्वी अंगठा पँटला पुसलेला असला तरी ओलाच असतो. या एका दृश्यातून बटणाचा आकार, बटणाची जागा, स्क्रीनचा उजेड आणि मजकुराची लांबी या चारही गोष्टींचे निर्णय निघतात.

फोन कोणाच्या हातात असतो याची नोंद वेगळी करावी. बहुतेक घरांत एकाच मोटरशी तीन-चार जणांचा संबंध येतो. शेतकरी स्वतः असतो, पाणी देणारा गडी किंवा वाटेकरी असतो, घरी असलेली पत्नी असते आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा असतो, ज्याने ॲप उतरवून दिलेले असते. मुलाचा फोन नवा असतो, गड्याचा जुना, काच तडकलेला आणि साठवणूक भरलेला. आराखडा गड्याच्या फोनवर चालला पाहिजे, कारण मोटरची खरी गरज तिथे असते. प्रत्येकाला काय जाणून घ्यायचे आहे हे एका वाक्यात लिहून ठेवावे. गड्याला ‘पाणी येतेय का’ हे हवे असते, शेतकऱ्याला ‘किती वेळ चालली’ हे हवे असते आणि पुण्यातल्या मुलाला ‘सगळे ठीक आहे ना’ हे. ही तीन वाक्ये पुढे मुख्य स्क्रीनचा क्रम ठरवतात.

दुसरी पायरी: अवस्थांची यादी करावी

बहुतेक आराखडे येथेच फसतात, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. मोटर चालू आणि मोटर बंद अशा दोनच अवस्था धरून स्क्रीन काढली जाते आणि प्रत्यक्षात आढळणाऱ्या उरलेल्या सगळ्या अवस्था त्या दोन खणांत कोंबल्या जातात. कागदावर उभे-आडवे रकाने आखून पुढील गोष्टी स्वतंत्र लिहाव्यात: तीनही फेज आहेत का, कंट्रोलरचा सर्व्हरशी संपर्क आहे का, मोटर वीज ओढत आहे का, मोटर बंद असल्यास ती कशामुळे बंद पडली, कोणी बंद केली, आणि ही माहिती किती वाजताची आहे. मग या रकान्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीला स्क्रीनवर काय दिसेल ते वाक्यात लिहावे.

उदाहरणार्थ, संपर्क तुटला असेल आणि शेवटच्या बातमीनुसार मोटर चालू असेल, तर स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘मोटर चालू’ असे दाखवणे म्हणजे खोटी ग्वाही देणे होय. तेथे ‘कंट्रोलरशी संपर्क नाही. रात्री ११:४० वाजता मोटर चालू होती.’ असे लिहावे आणि ही ओळ हिरवी नव्हे, राखाडी असावी. लाईट नसताना मोटर बंद असणे हा दोष नसतो, तेव्हा तेथे लाल रंग वापरू नये, ‘लाईट नाही. आल्यावर मोटर आपोआप सुरू होईल.’ एवढे पुरते. एक फेज गेल्याने संरक्षणाने मोटर थांबवली असेल, तर तसे स्पष्ट लिहावे, कारण दोन फेजवर चाललेली मोटर जळते हे शेतकऱ्याला पक्के माहीत असते आणि थांबण्याचे कारण कळले की तो यंत्राला दोष न देता वायरमनला फोन करतो.

मोटर वीज ओढते आहे म्हणजे पाणी येत आहे, असेही समजू नये. पाच एचपीच्या मोटरला भारावर साधारण सात-आठ अँपिअर प्रवाह लागतो, मोटरच्या प्रकारानुसार तो कमी-जास्त असतो. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, उघडा पडला किंवा विहीर तळाला गेली, की तोच प्रवाह बराच खाली येतो. पंप असा पाण्याविना फिरण्यालाच आपण ड्राय रन म्हणतो. पाइपावर दाबाचा किंवा प्रवाहाचा सेन्सर नसेल, तर ॲपला पाण्याबद्दल थेट काहीच ठाऊक नसते. तेव्हा ‘पाणी चालू’ असे शब्द वापरण्याचा अधिकारही त्याला नसतो. ‘मोटर चालू, ७.४ अँपिअर’ हे विधान खरे आहे, आणि अनुभवी शेतकरी त्या आकड्यावरून पाण्याचा अंदाज स्वतः बांधतो.

या काळजीला इतिहासाचाही आधार आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह बंद होण्याऐवजी उघडाच अडकून राहिला. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र व्हॉल्व्हला बंद होण्याचा संकेत गेला एवढेच दाखवत होता, व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता. चालकांनी तो बंद झाल्याचे गृहीत धरले आणि शीतकाचे पाणी त्यातून निसटत राहिले. हुकूम दिला जाणे आणि हुकूम अमलात येणे या दोन गोष्टी एकाच दिव्याने दाखवू नयेत, हा त्या दुर्घटनेतला धडा नदीकाठच्या स्टार्टरलाही तंतोतंत लागू पडतो.

कृष्णाकाठासाठी आणखी एक अवस्था लागते, जी परगावच्या आराखड्यांत सहसा सापडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नदी फुगू लागली, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशारा रेषेकडे सरकू लागली, की काठावरच्या मोटरी आणि पेट्या काढून वर आणल्या जातात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर ही घाई कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अशा वेळी ॲपने ‘संपर्क तुटला’ म्हणून दिवसभर टाहो फोडणे त्रासदायक ठरते. ‘मोटर काढून ठेवली आहे’ अशी निवड द्यावी; ती केली की सर्व सूचना थांबाव्यात आणि मोटर पुन्हा बसवली की एका चाचणीनंतरच त्या सुरू व्हाव्यात.

तिसरी पायरी: हुकुमाचा संपूर्ण प्रवास आखावा

बटण दाबल्यापासून मोटर फिरेपर्यंत हुकूम फोनकडून सर्व्हरकडे, सर्व्हरकडून मोबाइल टॉवरकडे, टॉवरकडून कंट्रोलरकडे आणि तेथून स्टार्टरकडे जातो. वाटेत कोठेही तो अडकू शकतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा येथे मोजपट्टी म्हणून वापराव्यात: एक दशांश सेकंदात प्रतिसाद मिळाला तर क्रिया तत्काळ झाली असे वाटते, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांपुढे लक्ष उडते. मोटर सुरू होण्यास कितीही वेळ लागो, बटण दाबले गेल्याची खूण, म्हणजे रंगातला बदल आणि हलके कंपन, लगेच मिळाली पाहिजे. ती मिळाली नाही तर माणूस पुन्हा दाबतो, मग आणखी एकदा दाबतो.

यासाठी बटणाखालची ओळ टप्प्याटप्प्याने बदलावी. ‘हुकूम पाठवला’, मग ‘कंट्रोलरला मिळाला’, मग ‘मोटर सुरू झाली, ७.४ अँपिअर’. नुसते फिरणारे चक्र दाखवू नये, कारण अडले कोठे हे त्यातून कळत नाही. ठरावीक वेळात, समजा तीस सेकंदांत, उत्तर आले नाही तर ‘कंट्रोलरकडून उत्तर नाही. मोटर सुरू झाली की नाही हे सांगता येत नाही.’ असे लिहून ‘पुन्हा पाहा’ हे बटण द्यावे. ‘काहीतरी चुकले’ हे वाक्य कोठेही वापरू नये.

कंट्रोलरला पाठवायचा हुकूम ‘स्थिती उलट कर’ अशा स्वरूपाचा नसावा. तो ‘चालू कर’ किंवा ‘बंद कर’ असाच असावा, म्हणजे तोच हुकूम दोनदा पोहोचला तरी परिणाम एकच राहील. अशा उपकरणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमक्यूटीटी या निरोप पोहोचवण्याच्या पद्धतीत, जी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी तयार केली, ‘किमान एकदा पोहोचेल’ हा सेवास्तर निवडल्यास निरोप दोनदाही पोहोचू शकतो. प्रत्येक हुकुमाला स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे कंट्रोलरला जुना हुकूम ओळखता येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट हुकुमाच्या मुदतीची आहे. रात्री दहा वाजता दिलेला ‘चालू कर’ हा हुकूम रेंज नसल्यामुळे अडकून राहिला आणि पहाटे चार वाजता पोहोचला, तर तोपर्यंत परिस्थिती पूर्ण बदललेली असते. कदाचित त्याच वेळी कोणीतरी पेटी उघडून फेजचे टोक घट्ट करत असेल. म्हणून चालू करण्याच्या हुकुमाला एक-दोन मिनिटांची मुदत असावी, मुदत उलटली की कंट्रोलरने तो फेकून द्यावा आणि ‘रात्री १० वाजताचा हुकूम वेळेत पोहोचला नाही, म्हणून रद्द झाला’ असे ॲपने सांगावे. एमक्यूटीटीमध्ये शेवटचा निरोप सर्व्हरवर राखून ठेवण्याची सोय असते. ती स्थिती कळवण्यासाठी वापरावी, हुकुमासाठी कधीही वापरू नये. कंट्रोलर अचानक तुटल्यास सर्व्हरने त्याच्या वतीने जाहीर करायचा ‘शेवटचा निरोप’ मात्र जरूर नेमून ठेवावा, कारण ‘संपर्क नाही’ ही अवस्था त्यामुळेच वेळेवर दिसते.

आपोआप सुरू होण्याच्या सोयीलाही असाच विचार लागतो. लाईट आली की एकाच डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, साऱ्या मोटरी एकदम उचलल्या तर व्होल्टेज खाली बसते, म्हणून कंट्रोलर काही वेळ थांबून मोटर लावतो. हा थांबण्याचा वेळ स्क्रीनवर उलट्या मोजणीने दाखवावा, ‘लाईट आली. २ मिनिटे १० सेकंदांनी मोटर सुरू होईल’, आणि त्याच ओळीत ‘आता नको’ हे बटण असावे. वेळ लावून चालवलेल्या मोटरबाबत लाईट मध्येच गेली तर राहिलेला वेळ नंतर मोजायचा की सोडून द्यायचा, हे शेतकऱ्याला पहिल्यांदा वेळ लावतानाच विचारावे आणि पुढे ‘३ तासांपैकी १ तास ४० मिनिटे झाली’ असे दाखवावे. द्राक्षबागेत ठिबकमधून विद्राव्य खत सोडलेले असेल, तर हा हिशेब चुकल्यास काही ओळींना खत पोहोचतच नाही.

चौथी पायरी: मुख्य स्क्रीन

ॲप उघडताच दिसणाऱ्या स्क्रीनने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: मोटर आत्ता काय करत आहे आणि ही माहिती केव्हाची आहे. वरच्या अर्ध्या भागात मोठ्या अक्षरांत स्थिती असावी, त्याखाली माहितीची वेळ, त्याखाली तीन फेजचे व्होल्टेज आणि अँपिअर, आणि सर्वांत खाली, अंगठा सहज पोहोचेल तेथे, एकच मोठे बटण. मोबाइल इंटरफेसचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, बसमध्ये फोन वापरणाऱ्या १३३३ जणांची निरीक्षणे नोंदवली, त्यांतले जे स्क्रीनला स्पर्श करत होते, त्यांपैकी ४९ टक्के लोक फोन एकाच हातात धरून वापरत होते. दुसऱ्या हातात खोरे किंवा बॅटरी असलेल्या माणसाच्या बाबतीत तर दुसरा पर्यायच नसतो.

स्थिती आणि बटण यांची गल्लत होऊ देऊ नये. एका बाजूला सरकणाऱ्या खटक्यावर नुसते ‘चालू’ लिहिले, तर मोटर चालू आहे की दाबल्यावर चालू होईल, हे कळत नाही. स्थिती ‘मोटर चालू आहे’ अशा पूर्ण वाक्यात आणि बटणावरचा मजकूर ‘मोटर बंद करा’ अशा आज्ञेत लिहावा, म्हणजे एकाच वेळी दोन्ही वाचले तरी अर्थ पक्का राहतो.

बटणाच्या आकाराबद्दल मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम अजूनही उपयोगी आहे: लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका ते गाठण्यास वेळ जास्त. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार स्पर्शाचे लक्ष्य किमान ४८ बाय ४८ डीपी (हा डीपी म्हणजे स्क्रीनवरच्या मापाचे एकक) आणि ॲपलच्या मार्गदर्शनानुसार ४४ बाय ४४ पॉइंट असावे. हे किमान माप घरात बसून वापरणाऱ्यांसाठी आहे. मोटरचे मुख्य बटण स्क्रीनच्या जवळजवळ संपूर्ण रुंदीचे आणि या किमान मापाच्या दुप्पट उंचीचे ठेवण्यात काहीच नुकसान नाही.

मोटर चालू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी ‘नक्की का?’ असे विचारू नये. रोजच्या कामात असा प्रश्न न वाचताच दाबला जातो. धोक्याच्या गोष्टी, म्हणजे फेजचे संरक्षण बंद करणे, ड्राय रनची मर्यादा बदलणे किंवा उपकरण दुसऱ्याच्या नावे करणे, वेगळ्या पानावर ठेवून तेथेच खात्री करून घ्यावी, आणि तीही परिणाम सांगून: ‘संरक्षण बंद केल्यास एक फेज गेल्यावर मोटर जळू शकते.’ मोटर बंद करण्याचा मार्ग मात्र विनाअट, एका स्पर्शाचा असावा.

पाचवी पायरी: ओले हात आणि ऊन

आजच्या फोनची स्क्रीन बोटामुळे होणारा विद्युतधारितेतील बदल ओळखते. पाणी वीजवाहक असल्यामुळे काचेवरचा थेंब तिला बोटासारखा भासू शकतो आणि फवारणीच्या वेळचे जाड रबरी हातमोजे तिला जाणवतच नाहीत. म्हणून मोटर चालू करण्यासाठी सेकंदभर दाबून धरण्याची क्रिया ठेवावी, जी थेंबाने चुकून होण्याची शक्यता कमी असते. बंद करण्यासाठी साधा स्पर्श पुरे. दोन बोटांनी मोठे करणे, बाजूला सरकवून पुसणे अशा हालचालींवर कोणतेही महत्त्वाचे काम अवलंबून ठेवू नये.

उन्हात फिकट राखाडी अक्षरे दिसत नाहीत. जागतिक वेब संघटनेच्या सुगम्यता निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ इतका प्रकाशभेद असावा. शेतासाठी ७:१ धरावा. लाल आणि हिरवा यांत फरक न दिसणारे पुरुष कमी नाहीत, त्यामुळे रंगासोबत आकृती आणि शब्दही असावेत.

सहावी पायरी: देवनागरी मजकूर

इंग्रजी आराखडा तयार करून शेवटी त्यात मराठी भरली, की वेलांट्या कापल्या जातात आणि बटणावरचे वाक्य तीन टिंबांत संपते. सुरुवातच मराठी मजकुराने करावी. देवनागरीत रेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधील उंची अक्षराच्या दीडपटीहून कमी नसावी, १.६ पट बरी. मजकुराचा आकार किमान १६, स्थितीच्या ओळीचा २८ किंवा अधिक ठेवावा आणि फोनमध्ये अक्षरे मोठी करून ठेवणाऱ्या वयस्कर माणसासाठी आराखडा दुप्पट आकारातही तपासावा. बटणावरचा मजकूर दोन ओळींत मोडू द्यावा, कापू नये.

मजकुराची भाषा मराठी म्हणून, ‘एमआर’ या खुणेने, नोंदवणे अत्यावश्यक आहे. अनेक फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी दिलेली असतात आणि ही खूण असल्यावरच ती दिसतात. नसल्यास हिंदी वळणे उमटतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. जुन्या फोनवर त्याऐवजी चौकोन दिसू शकतो, म्हणून फाँट ॲपसोबतच द्यावा.

शब्द निवडताना जे बांधावर बोलले जाते तेच लिहावे. ‘विद्युतपुरवठा खंडित’ऐवजी ‘लाईट नाही’, ‘रोहित्र’ऐवजी ‘डीपी’, तर फेज, अँपिअर, ड्राय रन हे शब्द आहेत तसेच. आकडे कोणत्या लिपीत दाखवायचे हे वापरणाऱ्यांना दाखवून ठरवावे, कारण मीटरवरचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात आणि दोन ठिकाणचे वाचन ताडून पाहताना एकच वळण सोयीचे पडते. वेळेपुढे पहाटे, सकाळी, दुपारी, रात्री हे शब्द लावावेत. ‘रात्री २:१५’ चा दिवसाच्या वेळेशी घोटाळा होत नाही.

सातवी पायरी: कोणती सूचना, कोणाला, कशी

सूचनांच्या तीन पायऱ्या पुरतात. मोटर जळू शकेल किंवा पीक हातचे जाईल अशी गोष्ट, उदाहरणार्थ पेटीचे झाकण मध्यरात्री उघडले जाणे किंवा वारंवार ट्रिप होणे, यासाठी फोनची घंटी वाजावी. मोटर ठरल्यापेक्षा आधी बंद पडली तर साधी सूचना यावी. बाकी सारे, म्हणजे लाईट आली, लाईट गेली, वेळ पूर्ण झाली, हे फक्त नोंदवहीत जावे आणि हवे असेल त्याने ते चालू करून घ्यावे. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, प्रत्येक प्रकाराच्या सूचनेला वेगळा आवाज देता येतो. त्याचा उपयोग करावा. अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करतात, त्यामुळे पहिल्या प्रकारासाठी एसएमएस किंवा आवाजी कॉलचा मार्ग ठेवलाच पाहिजे.

प्रत्येक सूचनेत काय झाले, केव्हा झाले आणि आता काय करता येईल हे तीन भाग असावेत. ‘मळ्यातली विहीर: पाणी कमी झाल्याने मोटर रात्री १:२० वाजता थांबवली. ४० मिनिटांनी पुन्हा लावून पाहिली जाईल.’ असा निरोप वाचून माणूस निश्चिंत झोपू शकतो. ‘त्रुटी क्रमांक ७’ वाचून तो चप्पल घालून बाहेर पडतो.

आठवी पायरी: सामाईक विहीर

आपल्याकडे भावाभावांत विहीर सामाईक असणे आणि पाण्याच्या पाळ्या वाराने ठरलेल्या असणे ही नेहमीची व्यवस्था आहे, आणि एका उपकरणाला एकच मालक धरणारे ॲप तेथे भांडणाचे कारण बनते. म्हणून एका मोटरला अनेक माणसे जोडता यावीत आणि प्रत्येकाचा अधिकार वेगळा असावा: केवळ पाहणे, चालू-बंद करणे, मर्यादा बदलणे. नोंदवहीत कोणी, केव्हा, कोठून मोटर लावली हे सर्व हिस्सेदारांना सारखेच दिसावे आणि ती नोंद कोणालाही पुसता येऊ नये. दुसऱ्याच्या पाळीत मोटर बंद करायची झाल्यास ॲपने अडवू नये, कारण ते कदाचित मोटर वाचवण्यासाठी असेल, पण ‘आज अमुक यांची पाळी आहे’ हे दाखवून त्यांना लगेच कळवावे. पाळीचे नियम घरांनी ठरवलेले असतात. ॲपने ते केवळ लक्षात ठेवायचे असतात. गडी काम सोडून गेला तर त्याचा अधिकार एका स्पर्शात काढता यावा, नाहीतर जुना फोन वर्षभर मोटर चालवू शकतो.

नववी पायरी: पेटीवरचा इंटरफेस

फोन हरवला, रिचार्ज संपला, टॉवर बंद पडला तरी पाणी देणे थांबत नाही. पेटीवरची हिरवी-लाल बटणे फोनशिवाय चाललीच पाहिजेत, आणि फोन / हाताने / दुरुस्ती असा तीन जागांचा फिरता खटका असावा. खटका ‘दुरुस्ती’वर असताना फोनवरून आलेला कोणताही हुकूम मानला जाऊ नये आणि ॲपनेही ‘पेटीवर दुरुस्ती चालू आहे’ असे दाखवून आपले बटण निष्क्रिय करावे. हे काम प्रोग्रामवर न सोडता खटक्याने स्टार्टरच्या कॉइलची तारच तोडावी. तरीही पेटीत हात घालण्यापूर्वी मेन स्विच पाडावाच लागतो, आणि ही सूचना झाकणाच्या आतल्या बाजूस मराठीत चिकटवावी.

जोडणीचे पान सहसा वायरमन वापरतो, उन्हात, घाईत. पेटीवरचा क्यूआर कोड वाचणे, मोटरला नाव देणे, एकदा चालवून सामान्य अँपिअर नोंदवून घेणे, एवढ्यात ते संपावे. नाव ‘उपकरण १’ असे राहू देऊ नये. ‘नदीवरची’, ‘लिंबाखालची विहीर’ अशी घरातली नावेच पुढे सूचनांत ओळखू येतात.

दहावी पायरी: चाचणी

पहिली चाचणी कागदावर घ्यावी. स्क्रीनची चित्रे हातात देऊन ‘मोटर आता चालू आहे का?’ एवढे विचारावे आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला, बोट कोठे गेले ते पाहावे. पाच-सहा माणसांनंतर तेच तेच अडथळे पुन्हा दिसू लागतात. तेव्हा थांबून आराखडा सुधारावा आणि नव्या माणसांना दाखवावा. या माणसांत चष्मा घरी विसरलेले आजोबा आणि वाचण्याची सवय नसलेला गडी हे दोघे असावेतच.

नंतर खऱ्या उपकरणावर मुद्दाम बिघाड करावेत. कंट्रोलरचा अँटेना काढावा, फोन विमान मोडवर टाकावा, वायरमनकडून एक फेज काढून घ्यावा, हुकूम पाठवून लगेच सर्व्हर बंद करावा, एकाच वेळी दोन फोनवरून परस्परविरुद्ध हुकूम द्यावेत. प्रत्येक वेळी स्क्रीनवरचे वाक्य आणि पेटीतली खरी स्थिती शेजारी शेजारी लिहावी. जेथे दोन्ही जुळत नाहीत, तेथे आधी वाक्य दुरुस्त करावे, मग बाकीचे. स्वस्तातल्या जुन्या फोनवर, दुपारच्या उन्हात, काचेवर पाणी शिंपडून हेच पुन्हा करावे.

बसवल्यानंतरचा पहिला हंगाम हीदेखील चाचणीच आहे. शक्य असल्यास ती द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर ठेवावी, कारण तेव्हा बागेत पाणी आणि खत यांची वेळ चुकलेली चालत नाही आणि माणसे ॲप गांभीर्याने वापरतात. नोंदींत तीन गोष्टी शोधाव्यात. लागोपाठ दाबलेले तेच बटण म्हणजे प्रतिसाद पोहोचत नाही. ॲपवरून मोटर लावून थोड्याच वेळात पेटीवरून बंद केली जात असेल, तर स्क्रीन काहीतरी चुकीचे सांगत आहे. आणि सर्वांनी बंद करून टाकलेली सूचना म्हणजे ती पाठवण्याची गरज नव्हती. या तिन्ही ठिकाणी फोनवर चौकशी न करता पुन्हा त्या बांधावर जावे आणि पाळी चालू असताना पाहावे.